अजून ओलं आहे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वेरळकर काकांनी गेल्या चार वर्षांत एकच चित्र काढलं, आणि तेही पुरं केलं नाही. चार फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास, तैलरंग, आणि विषय नदीचं पाणी. नुसतं पाणी. काठ नाही, झाड नाही, होडी नाही, कमरेवर घागर घेतलेली बाई नाही. एका पायावर उभा राहणारा बगळासुद्धा नाही. कुणी विचारलं, "काका, झालं का चित्र?" की काका बोटाचं टोक कॅनव्हासच्या कोपऱ्याला लावायचे, बोट उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "अजून ओलं आहे."

चार वर्षं ओलं. तेवढ्या काळात आमच्या गल्लीतला रस्ता तीनदा खणला गेला आणि तीनदा बुजवला गेला, बिल्डिंगला बाहेरून रंग लागला, तो उडालासुद्धा. काकांचं पाणी काही वाळलं नाही.

मी या सोसायटीची सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेला मी पाच मिनिटं उशिरा पोचले, तेवढ्यात बाकीच्यांनी मला एकमताने निवडून टाकलं होतं. तेव्हापासून टाकीत पाणी चढलं नाही, लिफ्ट अडकली, कुणाच्या कुत्र्याने कुठे काय केलं, हे सगळं माझ्याकडे येतं. आणि दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायची मला मुळातच हौस असल्यामुळे ते पद मला शोभतं, असं माझा नवरा म्हणतो. पुढची सगळी हकिगत त्या हौसेचीच आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

काकांचं पूर्ण नाव दत्ताराम वेरळकर. वय बहात्तर. किडकिडीत बांधा, वर बनियन आणि खाली रंगाने कडक झालेली खाकी पँट. ती पँट काढून ठेवली तर तशीच उभी राहील. एकतीस वर्षं त्यांनी डोंबिवलीच्याच एमआयडीसीत, कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली. काम शेड मॅचिंगचं. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवणार, आणि बॅचचा रंग त्या तुकड्याशी जुळतो की नाही हे काका खिडकीशी उभे राहून डोळ्यांनी ठरवणार. जुळला तर पास, नाहीतर नापास. पुढे मशीन आलं, पण मशीन आणि काका यांच्यात मतभेद झाला तर साहेब काकांचं ऐकायचे, असं काका सांगतात. मशीनची बाजू मला माहीत नाही.

रिटायर झाले तरी डोळा काही रिटायर झाला नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी हौसेने घेतलेल्या पैठणीकडे बघून ते म्हणाले, "नीला, छान आहे, पण ह्या निळ्यात लाल जास्त पडलाय. आमच्याकडे नापास झाली असती." दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. हार घातलेल्या फोटोसमोर काका बराच वेळ हात जोडून उभे राहिले. घरच्यांना वाटलं, फार जवळचा संबंध दिसतो. मग काका सुनेला हळूच म्हणाले, "प्रिंटमध्ये पिवळा चढलाय. माणूस असा नव्हता." सून रडता रडता थांबली. तेराव्याला फोटो बदललेला होता.

बाजारातून येताना वाटेत नाला लागतो. त्याच्यावरच्या छोट्या पुलावर काका हमखास थांबायचे. आम्ही नाकाला रुमाल लावून पळतो, हे कठड्यावरून वाकून बघणार. "आज मरून रंग सुटलाय," किंवा "टरकॉइज. पण फुटलेला आहे, बॅच गेली बिचाऱ्यांची." एकदा मी विचारलं, "काका, तुमच्याकडे नापास झालेली बॅच कुठे जायची?"

"कुठे जाणार? खाली." त्यांनी बोटाने नाला दाखवला. "कागदोपत्री नाही. पण जायची. मी नापास म्हटलं की दोन माणसं ड्रम उचलायची. मी काय, खिडकीशी उभा." मग जरा चालल्यावर म्हणाले, "एकतीस वर्षं पाण्यात रंग घातला. आता रंगातून पाणी काढायला बसलोय. येत नाही लवकर."

चित्रकला ते कुठे शिकले नव्हते. रिटायर झाल्यावर स्टेशनजवळच्या दुकानातून रंग आणले आणि सुरुवात केली. पहिली काही चित्रं त्यांनी पुरीही केली. त्यातली दोन नातेवाइकांकडे आहेत, एक त्यांच्या मुलीकडे, मेधाकडे. पण गेल्या चार वर्षांत हा एकच कॅनव्हास. रंगाचे थर चढवायचे, आठ-दहा दिवस वाळवायचे, त्यावर पातळ थर द्यायचे, आणि पुरं होतंय असं दिसलं की पट्टीसारख्या सुरीने निम्मं खरवडून पुन्हा सुरू. मी कधी डोकावले की व्याख्यान मिळायचं.

"पाण्याला रंग नसतो, नीला. त्याला शेजार असतो. आभाळ, झाड, तळाचा चिखल, हे सगळे शेजारी. नवशिका माणूस पाणी म्हटलं की निळी ट्यूब पिळतो. नापास! आणि हे बघ, उजेडातली वस्तू पाण्यात थोडी काळपट दिसते आणि काळी वस्तू थोडी उजळ. पाणी सगळ्यांना एका पातळीला आणतं."

"आणि ही चमक कुठाय? उन्हात पाणी चमकतं ते?"

"चमक शेवटी," काका म्हणायचे. "पांढरा अगदी शेवटी, आणि एकदाच. चमक ठेवली की चित्र संपलं."

एका मंगळवारी मी त्यांच्याबरोबर नदीवर गेले. दर मंगळवारी सकाळी ते आंबिवलीला जायचे. त्या दिवशी कामाला येणाऱ्या शेवंता मावशी दुपारपर्यंत थांबायच्या. आंबिवलीजवळ नदीकाठच्या एका गावात त्यांच्या बायकोचं, सुमन काकूंचं, माहेर होतं. आता माहेरचं तिथे कुणी नाही, नदी तेवढी आहे. म्हणजे आहे असं म्हणतात. मी गेले तेव्हा मला या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी दिसली. इतकी दाट की अनोळखी माणूस लॉन समजून पाय टाकेल. मधे थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य आणि एक फुगलेलं कुत्रं.

काकांनी पिशवीतून बांबूचे दोन तुकडे काढून जोडले. टोकाला आकडा होता. त्याने ते जलपर्णी बाजूला ओढत बसले. घाम गाळून टेबलाएवढी जागा मोकळी केली आणि उकिडवे बसून टक लावून बघायला लागले.

"आता बघ. पायाजवळ तळ दिसतो. लांब गेलं की आभाळ दिसतं. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे दोन्ही एकदम दिसतात. ती जमली की पाणी जमलं."

"काका, तळ कुठे दिसतोय? सगळं काळं आहे."

"दिसायचा," ते म्हणाले. "अर्धं समोरचं घ्यायचं, अर्धं आठवणीतलं. आम्ही दोघं इथे यायचो लग्नानंतर. तिला जास्त आठवतं. म्हणजे आठवायचं."

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी मागे थांबली होती. तिने मला विचारलं, "काय गो बाय, या बाबाचा काय परलाय का पान्यान? दर मंगलवारी येतंय न पान्याकरं बघीत बसतंय."

मी काही पडलं नाही म्हणून सांगितलं. दहा मिनिटांत जलपर्णी सरकत सरकत पुन्हा एक झाली. काकांनी बांबू पुसून पिशवीत ठेवला.

आता सुमन काकूंबद्दल. काकूंना विसर पडतो हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आधी किल्ल्या, मग नावं, मग एकदा भाजी आणायला गेल्या त्या संध्याकाळी कुणीतरी रिक्षाने आणून सोडलं. त्यानंतर त्या बाहेर पडेनाशा झाल्या. पण समोर गेलं की बोलायच्या अगदी व्यवस्थित. "ये नीला, बस, चहा टाकते." चहा टाकायचे काकाच, ते सोडा. अंगात गाऊन, कपाळाला कुंकू, केस नीट विंचरलेले.

त्यांचं आणि काकांचं बोलणं ऐकून मला फार मजा वाटायची. काका त्यांना "बाई" म्हणायचे. "बाई, जरा पलीकडून जा, इथे ओलं आहे." काकू त्यांना चहा द्यायच्या तो कपातून नाही, स्टीलच्या पेल्यातून, आणि काका तो जमिनीवर फतकल मारून प्यायचे. एकदा काकूंनी मला आत बोलावून हळू आवाजात विचारलं, "हे रंगाचं काम अजून किती दिवस चालणार गं? घर नुसतं पसरून ठेवलंय."

"विचारा की त्यांनाच," मी म्हटलं.

"रोज विचारते. 'दोन दिवस, बाई' म्हणतात. ह्या लोकांचं काही खरं नसतं."

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भिशीत जाऊन नक्कल करून दाखवली. ह्या वयातही नवऱ्याची अशी फिरकी घेणारी बाई, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. काका हॉलमध्येच झोपतात हे मावशींकडून कळलं होतं, त्यावर मी म्हटलं, चित्राची राखण करत असतील. ते सगळं आठवलं की मला आता तोंड लपवावंसं वाटतं.

तर झालं असं की काकांच्या रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासाची तक्रार आली. रोज संध्याकाळी खिडक्या बंद करायला लावणारा कंपन्यांचा वास ज्या डोंबिवलीत येतो, तिथे एका म्हाताऱ्याच्या बाटलीभर टर्पेंटाइनवर लेखी तक्रार! पण तक्रारीत दुसरा मुद्दाही होता आणि तो खोटा नव्हता. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी काका दाराबाहेर टाकून ठेवायचे, आणि अशी फडकी आपोआप पेटू शकतात. आगीच्या नावाने आमच्याकडे माणसं लगेच घाबरतात, कारण कंपन्यांतल्या आगींनी सगळ्यांच्या खिडक्यांच्या काचा कधी ना कधी फोडल्या आहेत. कमिटीत ठरलं की काकांना रंगकाम बंद करायला सांगायचं.

तेव्हा माझ्यातली हौस जागी झाली. सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. खाली पार्किंगमध्ये मांडव घालून रविवारी कार्यक्रम होता. मी कमिटीला म्हटलं, त्या दिवशी काकांचं चित्र आपण लावू या, पाहुण्यांच्या हस्ते पडदा बाजूला करू या. एकदा बिल्डिंगचा कलावंत झाला की तक्रार करणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होईल. सगळ्यांना पटलं. मी ग्रुपवर निमंत्रण टाकून मोकळी झाले आणि मग काकांकडे गेले.

"अजून ओलं आहे," काका म्हणाले.

"काका, आता नाही म्हणू नका. हे नाही केलं तर कमिटी काम बंद करायला लावणार."

"बंद?" ते एकदम उभे राहिले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पूर्ण बंद? घरातसुद्धा?"

"चित्र लावलं की कुणी काही बोलणार नाही. मग करा तुम्ही दहा वर्षं दुसरं."

त्यांनी बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण माझी एक अट. दुसरा कॅनव्हास मी तयार ठेवतो. रविवारी साडेतीनला तू ये. मी आधी नवीन स्टँडवर लावणार, त्यावर दोन-चार हात मारणार, आणि मगच हे बाहेर जाणार. ह्याच्या आधी ते. विसरू नकोस."

कलावंताचे नखरे, असं मनात म्हणत मी मान डोलावली.

रविवारी अडीचलाच मांडवात सगळं तयार झालं. पाहुणे लवकर येणार असा फोन आला. मी खजिनदारांना आणि माझ्या नवऱ्याला घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. काका बाथरूममध्ये ब्रश धूत होते, नळाचा आवाज येत होता. चित्र स्टँडवर होतं, आणि त्यावर चमक ठेवलेली होती. चार-पाच लहान पांढरे फटके, बस. पायाजवळ तळ दिसत होता, लांब आभाळ दिसत होतं, आणि मधे एक जागा होती तिथे मला खरोखर दोन्ही दिसलं. खजिनदार हिशेबापलीकडे कधी बोलत नाहीत. ते म्हणाले, "गार वाटतंय हो."

"उचला," मी म्हटलं. कडेने धरून दोघांनी ते बाहेर नेलं. काकू सोफ्यावर बसून बघत होत्या. मी आनंदाने त्यांच्याजवळ गेले, त्यांचे हात धरले आणि मोठ्याने म्हटलं, "काकू, झालं बरं का काम एकदाचं! संपलं!"

काकूंचा चेहरा उजळला. "झालं? चला, सुटले बाई," त्या म्हणाल्या.

मी खाली गेले.

वीस मिनिटांनी टेबलक्लॉथ आणायला वर आले, तर काका जिन्याच्या पायरीवर बसलेले. बनियन, तीच पँट, पायांत काही नाही. हातात नारळ आणि एक ब्लाउजपीस. मागे त्यांच्या घराचं दार बंद.

"काका, हे काय? बाहेर कसे?"

"काम झालं म्हणालीस ना तू तिला," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी हात पुसत बाहेर आलो. तिने नारळ दिला, ओटी दिली घरच्या बाईसाठी. म्हणाली, काम चांगलं केलंत, या आता. मी नवीन कॅनव्हास आणायला वळलो, तर ओरडायला लागली. मग आलो बाहेर. कडी लावलीय तिने आतून."

मला काहीच कळेना. मी बेल वाजवली. काकूंनी लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही. "नीला, संध्याकाळी ये हं. आमचे हे घरी नाहीत. एकटी असताना मी कुणाला आत घेत नाही."

"अहो काकू, काका इथेच तर आहेत!"

काकूंनी माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो अजून का बसलाय? दिलं ना त्याला नारळ? हे आले की सांगते मी." दार बंद झालं.

मी पायरीवर काकांशेजारी बसले.

"चार वर्षं झाली," काका म्हणाले. "एक दिवस सकाळी तिने विचारलं, तुम्ही कोण? माझ्या हातात ब्रश होता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, रंगाचं काम का? मी म्हटलं, हो बाई. तिची भीती गेली. तेव्हापासून हातात ब्रश असला की मी घरात चालतो. काम लांबलं की रंगारी हॉलमध्ये झोपतात, तेही तिला चालतं. मागच्या वर्षी लग्नाला जायचं म्हणून इस्त्रीचे कपडे घातले, तर किंचाळली. मेधा होती तेव्हा. ती म्हणाली, बाबा, पुन्हा तिने तुम्हाला बाहेर काढलं तर मी ऐकणार नाही. जागा बघून ठेवलीय तिने, बदलापूरच्या पुढे. अशाच लोकांना ठेवतात तिथे."

"म्हणून चित्र..."

"पाणी बरं. पाण्याचं काम कधी संपलं असं कुणी म्हणू शकत नाही. त्यात ऑइल, वाळतच नाही."

एवढ्यात दाराच्या फटीतून करपल्याचा वास यायला लागला. काका ताडकन उठले. "दूध! मी दूध ठेवलं होतं तिच्या चहाला."

मी दार बडवलं. "काकू, गॅस! गॅस बंद करा!"

"मला शिकवतेस का?" आतून आवाज आला. काकू रागावल्या होत्या. "संध्याकाळी ये म्हटलं ना!"

दार फोडायचं म्हटलं तर सगळी बिल्डिंग वर येणार, आणि पाच मिनिटांत मेधाला फोन जाणार. न फोडावं तर आत गॅस आणि काकू. काकांनी माझा दंड धरला. इतक्या जोरात कुणी माझा दंड धरला नव्हता. "चित्र आण," ते म्हणाले. "पळ."

मी कशी गेले मला आठवत नाही. मांडवात पाहुणे येऊन बसले होते, चित्रावर पडदा टाकलेला होता, निवेदिका माईकवर काकांचीच ओळख करून देत होती. मी पडद्यासकट चित्र उचललं. "अगं, काय करतेस?" म्हणून नवरा धावला. "अजून ओलं आहे!" मी ओरडले आणि लिफ्टमध्ये शिरले.

वर काकांनी चित्र माझ्या हातातून घेतलं, भिंतीला टेकवलं, एक क्षण पाहिलं. मग उजवा तळवा पसरून त्या चमकेवर ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. चमक गेली, तळ गेला, आभाळ गेलं. ती मधली जागा होती तिथे राखाडी चिखल झाला. मी तोंडावर हात ठेवला. काका फक्त म्हणाले, "वाजव बेल."

काकूंनी दार उघडलं. मी चित्र जाळीसमोर धरलं. "काकू, बघा हे काय करून गेलाय तो! सगळं पुसलं गेलंय."

काकूंनी डोळे बारीक केले. "अगं बाई! असं का टाकून गेला? आमच्या नदीचं पाणी असं असतं का? बोलव त्याला! अर्धवट कामं टाकून पळतात मेले!" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कडी काढली.

काका आत धावले ते थेट स्वयंपाकघरात. गॅस बंद झाल्याचा आवाज आला. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं आणि धुराने डोळे चुरचुरत होते, बाकी काही झालं नव्हतं. मी खिडक्या उघडल्या. काकू त्यांच्या मागे मागे जाऊन बोलत होत्या. कामाची लाज नाही, घरात बाई एकटी बघून फसवता, आमचे हे असते तर दाखवलं असतं. काका ओट्याशी मान खाली घालून उभे. "चुकलं, बाई. पुन्हा करून देतो, बाई." बोलणी खाताना इतका सुखी दिसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"नाव काय तुमचं?" काकूंनी दरडावून विचारलं. "सांगून ठेवा. पुन्हा पळालात तर ह्यांना सांगायला हवं."

काकांनी मान वर केली. चार वर्षांत काकूंनी नाव कधी विचारलंच नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी रंगाचा हात पँटला पुसला.

"दत्ताराम."

काकूंचा हात खांद्याकडे गेला. गाऊनला पदर नसतो, तरी बोटं तो शोधत राहिली. राग कुठल्या कुठे गेला. लग्न होऊन आठ दिवस झालेली मुलगी लाजावी तशा त्या लाजल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"अगंबाई, नीला, हे नाव मला नाही घेता यायचं. आमच्या ह्यांचं आहे."

"असं का?" काका म्हणाले. "मग मला काय म्हणाल, बाई?"

"रंगारीच म्हणेन." त्या हसल्या. मग खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "फार चांगला माणूस आहे हो. तुम्ही जाऊ नका आज, भेटूनच जा. येतील एवढ्यात."

"थांबतो," काका म्हणाले, आणि ओट्यावर उतू गेलेलं दूध पुसायला लागले.